दोन्ही हात लागतात

दिवाळीला माझी नात घरी आली, तेव्हा तिच्या हातांना बोलणं फुटलं होतं.

पोर सात वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही. कानात मशीन बसवलंय, पण त्यातून तिला ट्रॅक्टर ऐकू येतो, आजी ऐकू येत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी तिला जिल्ह्याच्या गावी, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. राहायचं तिथंच. आधी घरी असताना ती माझा पदर ओढायची, बोट दाखवायची, ओरडायची, नाहीच कळलं तर जमिनीवर लोळायची. आणि दिवाळीला बघते तर काय, अंगणात उभी राहून ही दोन्ही हातांनी भराभर काहीतरी सांगतेय. भुवया वर जातायत, गाल फुगतायत, हात कुठल्या कुठे फिरतायत. नक्की मोठी गोष्ट होती. आम्ही सगळे समोर उभे राहून हसत मान हलवत होतो. कळत कुणालाच नव्हतं. सांगून झाल्यावर ती थांबली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. तिच्या आजोबांनी तिच्या हातात लाडू ठेवला.

दोन दिवस ती सगळ्यांना सांगत होती. म्हशीलासुद्धा सांगून झालं. मग हळूहळू हात कमी झाले. भाऊबीजेला मी बघितलं तर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ओट्यावर बसली होती. सून म्हणाली, "शाळेत जाऊन किती शांत झाली, नाही?"

शांत! मी जन्माची बोलकी बाई. दुपारपर्यंत कुणी भेटलं नाही, तर मी भिंतीशी बोलते. बोलणाऱ्या जिवाला गप्प बसावं लागलं की काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको. या पोरीला एक भाषा आली होती आणि ती भाषा घरात एकालाही येत नव्हती. आणखी दोन-चार सुट्ट्या अशा गेल्या, तर ही घरी सांगायचंच सोडून देईल. बोलणं शाळेत, आणि घरी पाहुण्यासारखी यायची, जेवायची, जायची. मी त्याच दिवशी मनाशी धरलं: उन्हाळ्याच्या सुट्टीत ही येईल तेव्हा या घरात एका माणसाला तरी तिचं बोलणं कळलं पाहिजे. आणि ते माणूस मी.

तुम्ही म्हणाल, शाळेत का नाही विचारलं? शाळेत महिन्यातून एकदा आईबापांना शिकवतात. सून शहाद्याला बँकेत, तिला सुट्टी मिळत नाही. माझ्या पोराला केळीला पाणी द्यायचं असतं, नाही तर केळीची गाडी भरायची असते. आणि मला कुणी विचारलंच नाही. म्हातारीला कशाला न्यावं, असं असेल.

तसं शिकणं मला नवीन नाही. शाळा चौथीला सुटली. पुढचं सगळं मी चुलीपुढे शिकले. किराण्याच्या पुड्या ज्या कागदात यायच्या, तो कागद काट्याला टोचून समोर टांगायचा आणि भाकरी थापता थापता वाचायचा. हिंदी रेडिओवर शिकले. पोराची दहावी झाली, तेव्हा निम्मी दहावी माझीही झाली होती; तो मोठ्यानं पाठ करायचा आणि मी कापसाच्या सरक्या काढत ऐकायची. शिकायचं ते कामाच्या पोटात लपवून, अशी माझी पद्धत. कुणाला कळायचं नाही म्हणून कुणी अडवायचं नाही. कान माझे होते, डोळे माझे होते. हात तेवढे घराचे.

आणि आता ही भाषा अशी निघाली की हिला नेमके हातच लागतात.

लोक म्हणतात शिकायला वय नसतं. असं म्हणणाऱ्याच्या घरी भाकऱ्या दुसरं कुणीतरी करत असावं. माझा दिवस सांगते. उजाडायच्या आत हात म्हशीखाली. मग पिठात. सुनेचा डबा, पोराचा डबा, माझ्या म्हाताऱ्याची न्याहारी. मग भांडी, मग केळीत आलेल्या मजुरांचा चहा, मग परत पीठ. दुपारी धान्य निवडायचं, संध्याकाळी पुन्हा म्हैस. यात हात कोरडे, रिकामे आणि माझे कधी असतात, ते मला शोधून दाखवा.

तरी मी सुरुवात केली. पोराचा जुना मोबाइल माझ्याकडे असतो, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. तो मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि त्याच्या तोंडाशी जाऊन म्हटलं, "ज्यांना ऐकू येत नाही, त्यांची हाताची भाषा." लगेच रांग लागली. पहिली एक साडीतली बाई निघाली. खाली हिंदीत लिहून येत होतं, आणि ती दोन्ही हातांनी एकेक शब्द करून दाखवत होती. चांगली होती बिचारी. मी चार दिवस तिच्यापुढे बसले. पण तिचं सगळं दोन हातांनी. मी तिच्यासारखे दोन्ही हात वर केले की इकडे तव्यावरच्या भाकरीला काळे डाग. पुन्हा हात धुवा, पुसा, वर करा, तोवर दूध उतू गेलं. पाचव्या दिवशी म्हाताऱ्यानं जळकी भाकरी उचलून खिडकीतल्या उजेडात धरली आणि म्हणाला, "हाई काय शे वं? तवा वाढी दिना का?"

मग त्याच रांगेत खाली मला एक गोरी बाई सापडली. सोनेरी केस, सदा हसतमुख, अगदी सावकाश करणारी. आणि बरंचसं एका हाताने! माझा जीव भांड्यात पडला. एका हातानं भाकरी फिरवायची, दुसऱ्या हातानं शिकायचं. दुधासाठी ती मूठ दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची, अगदी आपण म्हैस पिळतो तशी. मी म्हटलं, बाई गोरी असली तरी हिच्या घरात दुभतं असणार. पाण्याला तीन बोटं हनुवटीला लावायची. आई म्हणजे पंजा उघडून अंगठा हनुवटीवर, बाप म्हणजे तोच अंगठा कपाळावर. आजी म्हणजे आईचाच हात, हनुवटीपासून पुढे उड्या मारत जाणारा. ही खूण मला फार आवडली. खाली काय लिहायचे ते मला कळत नव्हतं, पण ती बाजूला चित्र दाखवायची, तेवढं पुरायचं.

भाषा वेगळी असेल असं मनातसुद्धा आलं नाही. तोंडाच्या भाषा वेगळ्या असतात, ते कळतं. तापीकाठी एक, डोंगरात दुसरी, कचेरीत तिसरी. पण हात? तहान सगळीकडे सारखी, भूक सारखी, मग हात कशाला वेगळे असतील, असं माझं गणित.

हिवाळाभर मी अशी शिकले. शिकले म्हणजे काय, चोरलं. म्हातारा दारातून बघायचा.

"काय वं, माश्या हाकली ऱ्हायनी का?"

"शिकी ऱ्हायनू."

"आते? या वयमा? पोर दोन महिनाले येस. तिले काय पाहिजे ते बोट करी दखाडस."

"मांगाले बोट पुरस," मी म्हटलं. "सांगाले नही पुरस."

त्यावर त्यानं चहा मागितला.

दुपारी भांडी झाल्यावर म्हातारा झोपला की थोडा वेळ मोकळा सापडतो, हे माझ्या लक्षात आलं. एक दिवस मी दार लावून घेतलं आणि आरशापुढे बसले. आमच्याकडे दिवसा दार लावलं की त्याचे दोनच अर्थ: आजार, नाही तर भांडण. समोरच राहणारी माझी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, कडी वाजवायला लागली. "दार लाईसन काय करी ऱ्हायनी वं? बरी शे ना?" दार उघडलं, तर तिच्यामागं आणखी दोघी. काय झालंय ते बघायला आल्या होत्या. आरसा बघून जेठाणी म्हणाली, "माय वं! म्हातारपनमा नटाले लागनी!" मग हसणं, मग सुपारी, मग चहा, मग गल्लीतल्या सगळ्या सुनांची चौकशी. त्या जाईपर्यंत म्हशीची वेळ झाली. मी दार लावायचं सोडलं.

फाल्गुनात नंदुरबारच्या मिरच्या आल्या. वर्षाच्या तिखटाचे देठ काढायचे. आठवडाभर हात पेटलेले, आणि त्याच हातानं मी कपाळावर बाप करायला गेले. बोट डोळ्याला लागलं. रडत बसले होते तर सून कामावरून आली आणि विचारलं, "काय झालं आई?" मी म्हटलं, "अभ्यास." तिला वाटलं मी चिडून बोलले. चिडलेलीच होते. चैत्रात लग्नं सुरू झाली. एका घरची हळद, दुसऱ्याच्या घरची पंगत, कुणी गेलं त्याच्या दारावर जाऊन बसणं. काल शिकलेलं आज पुसलेलं. पुन्हा पहिल्यापासून हनुवटी. कधी कधी वाटायचं की मोबाइल उचलावा आणि हौदात टाकावा. पण तिचे ते मांड्यांखाली दाबलेले हात डोळ्यांपुढून जायचे नाहीत.

आणि तरीसुद्धा, उन्हाळ्यापर्यंत मला बरंच येत होतं. आई, बाप, आजी, पाणी, दूध, घर, झोप, मांजर, भूक, ये, बस. रस्त्यानं जाताना पदराआड हात घालून मी उजळणी करायची. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू.

सुट्टी लागली आणि पोर नातीला घेऊन आला. एसटीतून उतरून धुळीनं माखलेली, उन्हानं लाल झालेली. ओट्यावर बसवून पाणी दिलं. सगळे आत गेल्यावर मी तिच्यापुढे बसले आणि अंगठा हनुवटीवर ठेवून पंजा उघडला. आई. विचारायचं होतं, आईची आठवण यायची का?

ती बघत राहिली. मग उठून जवळ आली, फ्रॉकचं टोक हातात घेतलं आणि माझी हनुवटी पुसली.

मला वाटलं, खूण नीट झाली नसेल. तीन बोटं लावून पाणी केलं. तिनं परत पुसली, या वेळी जरा जोरानं, आणि वाकून बघितलं की गेलं का. तिला वाटलं, आजीच्या हनुवटीला पीठ लागलंय, ते निघत नाहीये आणि म्हणून आजी सारखी दाखवतेय. मी घाईनं दूध केलं, मूठ दाबली, सोडली. तिचे डोळे चमकले. तिनं माझी मूठ दोन्ही हातांनी धरली आणि एकेक बोट उघडलं. आत खाऊ असेल असं तिला वाटलं.

आत काही नव्हतं.

पोरानं दारातून बघितलं होतं. त्यानं माझा मोबाइल घेऊन चाळला आणि भिंतीला टेकून हसायलाच लागला. "माय, हाई ते अमेरिकानं शे."

"मंग?"

"मंग काय? त्यासनं येगळं, आपलं येगळं. आपलावाला दोन्ही हातवरी करतस."

आमच्या गल्लीत ही गोष्ट अजून हसून सांगतात. म्हातारी अमेरिकेचं शिकली म्हणे. मला नाही हसू आलं. उन्हाळ्यापर्यंतचा एकेक चोरलेला क्षण डोळ्यांपुढे आला, आणि राग यायला लागला तो काढायचा कुणावर, ते कळेना. गोऱ्या बाईवर? ती तिच्या घरच्यांसाठी शिकवत होती. पोरावर? त्यानं कधी बघितलंच नव्हतं. जास्त जळत होतं ते हे, की खरी बाई माझ्यासमोर पहिल्या दिवशी येऊन उभी राहिली होती. साडी नेसून आली होती. तिला दोन हात लागतात म्हणून मी तिला परत पाठवलं. माझा गुरू मी निवडला नाही, तव्यानं निवडला.

रात्रीचं जेवण झाल्यावर नात स्वतःच माझ्या मांडीवर येऊन बसली. बहुतेक तिला माझी कीव आली असावी. तिनं माझं बोट धरलं आणि माझ्या नाकावर ठेवलं, चमकी असते तिथं. मग तिच्या आईकडे दाखवलं. बाई म्हणजे नाकातली चमकी! आजोबांकडे बोट करून नाकाखाली मिशी पिळली. मी कपाळाला हात लावला. अमेरिकेत तो बाप झाला असता.

तेव्हा वाटलं, आता काय, मास्तरीण घरातच आली. रोज तिच्याकडून शिकायचं. पण वैशाख कुणासाठी थांबतो?

वैशाख म्हणजे बिबड्या. बाहेरच्यांना सांगते: ज्वारीचं पीठ आंबवून मोठ्या पातेल्यात शिजवायचं, त्यात तीळ, लसूण, मिरची, आणि खाटेवर ओलं धोतर पसरून ओल्या हातानं त्याच्या चकत्या थापायच्या. वाळल्या की वर्षभर भाजून, तळून खायच्या. एकटीनं होणारं काम नव्हे. गल्लीतल्या सगळ्या बाया आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. आपण गेलो तर त्या येणार. नाही म्हणणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं. पहाटे सुरू करायचं, ते ऊन चढेपर्यंत. आणि पीठ शिजवायला मी लागते. ते कधी झालं ते मला वासावरून कळतं, म्हणून प्रत्येक घरी ढवळायचा लाकडी चाटू माझ्या हातात.

नात यायची, काहीतरी करून दाखवायची. मी हात वर करून दाखवायची: भरलेत. ती थोडा वेळ उभी राहून जायची. घरी आल्यावर मी हात धुऊन तिला शोधायची, तर ती सांगायचं विसरलेली, किंवा मला येत नाही म्हणून कंटाळलेली, किंवा आतून म्हातारा हाक मारतोय. एकदा मी बघितलं, ती ओट्यावर एकटीच खेळत होती. दोन्ही पंजे पसरून पुढे धरायची, तोंड वाकडं करायची, मान हलवायची. मला वाटलं, कुठलं जनावर आहे? मग कळलं. ती आजी करत होती.

जेठाणीच्या घरचा दिवस होता. पातेलं सगळ्यात मोठं, कारण तिच्या दोन मुली दिलेल्या, त्यांच्या घरीही बिबड्या जातात. मी दोन्ही हातांनी चाटू फिरवत होते. पीठ घट्ट व्हायला आलं होतं. तेव्हा थांबलं की बुडाला लागतं, हे तिथं कुणालाही विचारा. तेवढ्यात पोर गल्ली ओलांडून धावत आली, अनवाणी, तोंड लाल झालेलं. माझ्यापुढे येऊन सांगायला लागली. काहीतरी गोल. काहीतरी वरून खाली. मग घराकडे हात. मग नाकावर बोट. बाई! एवढं मला कळलं. कुठली बाई? तिची आई तर बँकेत.

"काय सांगी ऱ्हायनी वं ती?" एकीनं विचारलं.

"भूक लागनी व्हई," दुसरी म्हणाली आणि वाटीत गरम पीठ घालून वर तेल सोडलं. "ले बेटा, खाय."

पोरीनं वाटीकडे बघितलं नाही. तिनं परत सांगितलं, या वेळी फक्त मला. सावकाश, जसं आपण परगावच्या माणसाला सांगतो. गोल. वरून खाली. घर. बाई. मी चाटू फिरवत होते आणि तोंडानं म्हणत होते, "थांब बाळ, थांब, झालंच." कुणाला म्हणत होते? तिला माझं तोंड काय कामाचं? ती माझ्या हातांकडे बघत होती. माझं बोलणं तिथून येतं, हे तिला त्या दिवसांत कुठं कळायला लागलं होतं, आणि हात चाटूला चिकटलेले.

मग तिचे हात खाली आले. तिनं ते फ्रॉकला पुसले आणि वळून चालायला लागली.

मी चाटू सोडला.

"अवं, लागी जाई ना!" जेठाणी ओरडली. "कोठे चालनी?"

मी गेले. मागून करपल्याचा वास आला, तरी थांबले नाही. घरात जाऊन सगळं बघितलं. नळ बंद होता. वासरू जागेवर. म्हातारा घोरत होता. काही पडलेलं नाही, फुटलेलं नाही. साप निघाला असेल म्हणून काठीनं कोपरे ठोकले. ती ओट्यावर बसली होती, हात मांड्यांखाली. मी समोर बसून विचारलं. बरोबर, चूक, आपलं, अमेरिकेचं, येत होतं तेवढं सगळं करून विचारलं. ती रस्त्याकडे बघत राहिली.

ती काय सांगायला आली होती, ते मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी जेठाणी आली. आत आली नाही, अंगणातूनच बोलली. "पूरं पातेलं वाया गय. आते पोरीसले काय धाडू? तुन्ही नातले दोन घडी दम नही व्हता का?"

"तिले दम शे," मी म्हटलं. "ती दिवाळीफाईन दम धरी ऱ्हायनी. मन्हा दम सरना."

"मुकी पोर. तिले काय सांगनं ऱ्हास इतलं?"

वाईट बाई नाही ती. माझ्या बाळंतपणात तिनं माझं केलंय. म्हणून मी एवढंच म्हटलं, "माले माहीत ऱ्हातं ते मी सांगती ना."

दुसऱ्या दिवसापासून मी कुणाकडे गेले नाही. मग माझ्याकडे कोण येणार? यंदा आमच्या घरात बिबड्या नाहीत. म्हातारा खिचडीच्या ताटावर बसून इकडेतिकडे बघतो. "बिबड्या?" "नहीत." रोज विचारतो, जणू काल नव्हत्या त्या आज उगवतील. वाटेत भेटलेल्या बाया बोलतात, पण मोजकं. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. फार वाटतं. मी गप्पांवर जगणारी बाई आहे.

पण सकाळचा तो वेळ मोकळा झाला. मी ओट्यावर तिच्यासमोर नुसती बसायला लागले. रिकामे हात मांडीवर घेऊन दिवसाढवळ्या बसायची मला इतकी लाज वाटायची की पहिल्या दिवशी मी शेंगांचं सूप पुढे ओढलं होतं. मग ढकललं. मोबाइलवर ती साडीतली बाई पुन्हा काढली, माफी मागून. नात माझ्याकडे बघायची नाही. दुसरीकडे तोंड करून चिंचोके खेळायची. मी आपली करायची, चुकायची. किती दिवस असे गेले. मग एकदा माझं काहीतरी फारच चुकलं असावं. तिला राहवलं नाही. उठून आली, माझ्या मनगटावर चापट मारली आणि बोटं धरून वाकवली.

मास्तरीण फार कडक. माझी बोटं भाकऱ्या थापून ताठ झालेली, करंगळी तर वळतच नाही. ती वळवायची, ती सुटायची, ती परत वळवायची आणि वर बघून सुस्कारा टाकायची. काल सांगितलेलं आज विसरले, तर कपाळ बडवून घ्यायची. आणि जरा कुठं जमायला लागलं की आतून हाक: चहा. तिचा आजोबा आता स्वतः चहा करायला शिकतोय. साखर कुठं असते ते तो अजून रोज विचारतो. सुट्टी संपेपर्यंत मला दीड वर्षाच्या मुलाला येतं तेवढं बोलता येत होतं. एवढी सगळी धडपड करून एवढंच. हिला पाच मिनिटांची गोष्ट सांगायची असते आणि मला त्यातलं मांजर कळतं.

शाळा उघडली, तेव्हा मी पोराबरोबर सोडायला गेले. म्हशीचं कोण बघेल, भाकरी कोण करेल, सगळं ऐकून घेतलं आणि बसमध्ये बसले. फाटकाशी गेल्यावर तिची मैत्रीण दिसली, तशी ही हात सोडून पळाली. दोघींचे हात सुटले. इतक्या वेगानं की मला एकही खूण धरता येईना. मी बघत राहिले. आमच्याकडे ही किती सावकाश बोलत होती, ते मला तिथं कळलं.

पोराला घाई होती. केळीची लागवड सुरू होती. "माय, चल वं. गाडी चुकी जाई."

मी वळले, तेवढ्यात ती धावत परत आली. माझ्यापुढे उभी राहून तिनं काहीतरी सांगितलं. नाकावर बोट होतं, आजी होती, पुढचं कळलं नाही. मी मान हलवून 'नाही' म्हटलं. तिनं परत सांगितलं. तरी नाही. तिनं पाय आपटला. कपाळ बडवलं. आणि मग, हात खाली न घेता, तिसऱ्यांदा सांगितलं. मैत्रिणीला ओढून पुढे केलं, आणि मग ती मैत्रीणही तेच सांगायला लागली, एखाद्या मठ्ठ पोराला सांगावं तसं, एकेक करून. त्यांच्या बाई पलीकडे हजेरी घेत होत्या. बोलावलं असतं तर त्यांनी क्षणात सांगितलं असतं. मला ते दुसऱ्याच्या तोंडून नको होतं.

"माय, गाडी!"

एका हातात माझी पिशवी होती, दुसऱ्यात तिच्या रिकाम्या डब्याची. मी दोन्ही पिशव्या धुळीत खाली ठेवल्या आणि हात वर करून तिला म्हटलं, परत सांग.